‘द पॉज’: पेशंट गेल्यावरचं एक मिनिट कितपत कामाचं?

पेशंट गेला की नर्सच्या वाट्याला लगेच पुढची कामं येतात: नळ्या काढणं, नोंदी, नातेवाईकांना आत घेणं, बेड तयार करणं. दुःखाला वेळच मिळत नाही. नेमक्या त्या क्षणासाठी ‘द पॉज’ ही मिनिटभर शांत थांबण्याची पद्धत आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले नर्स जोनाथन बार्टेल्स यांनी ती सुरू केली; २०१४ साली ‘क्रिटिकल केअर नर्स’ या नियतकालिकात तिच्यावर लेख आला.

कृती साधी आहे. मृत्यू जाहीर झाला की सगळे पांगायच्या आत टीममधलं कोणीही, अगदी ज्युनिअर सिस्टरसुद्धा, थांबायला सांगते. हा जिवंत माणूस होता, कुणाचा तरी जिवलग होता, आपण सगळ्यांनी त्याच्यासाठी धडपड केली, एवढं बोलायचं. मग ४५ सेकंद ते एक मिनिट शांतता. मोठ्याने प्रार्थना नाही. ज्याने त्याने मनात काय आणायचं ते आणावं. आधी मॉनिटरचा अलार्म आणि सिरिंज पंप बंद करा. पंप वाजत राहिला की सगळ्यांची नजर तिकडेच जाते आणि ते मिनिट वाया जातं.

बिघडतं कुठे? शांतता संपताच ‘श्वासाची ट्यूब टाकायला उशीर का झाला’ सुरू होतं, तिथे. ती चर्चा गरजेची आहे, पण वेगळी घ्या. नाहीतर पुढच्या वेळी थांबायला कोणी तयार होत नाही. सक्तीही नको. चेकलिस्टवर खूण करायची बाब झाली की शब्द तोंडपाठ आणि पोकळ होतात.

मोठी उणीव वेगळीच आहे. ही पद्धत सीपीआरभोवती (बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करण्याच्या धडपडीभोवती) जमलेल्या टीमसाठी बेतलेली. कॅन्सर वॉर्डात महिनोन्‌महिने सांभाळलेला पेशंट रात्री जातो, तेव्हा ड्यूटीवर एकटीच सिस्टर असते. तिने शेवटची स्वच्छता करताना पेशंटचं नाव घेऊन, सावकाश, दुसऱ्या सिस्टरला हाताशी घेऊन काम करावं. इन्चार्जने तेवढा वेळ तिचे बाकीचे पेशंट सांभाळावेत.

साठलेल्या दुःखाला एक मिनिट पुरत नाही. त्यासाठी ‘श्वार्ट्झ राउंड्स’ ही रुग्णालयातल्या स्टाफची बैठक जास्त उपयोगी: साधारण तासभर, तीन-चार जण अनुभव सांगतात, बाकीचे ऐकतात, बोलतात, उपाय सुचवायचे नाहीत. मात्र ती बैठक शिफ्ट बदलण्याच्या वेळेला लागून ठेवली आणि वॉर्डला बदली स्टाफ दिला, तरच नर्सेसना येता येतं.