"हार्डन्ड स्टील" म्हणून रेड डॉटची प्लेट विकली, निघालं जस्त. सगळा प्रकार सांगतो, सावध राहा

मंडळी, नेमबाजीच्या मॅचच्या पिस्तुलावर रेड डॉट (नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवायचा विचार चाललाय त्यांनी हे जरा शेवटपर्यंत वाचा, लांबलंय पण दोन ओळीत सांगून उपयोग नाही कारण सगळी लबाडी बारकाव्यात आहे. डॉट कुठला घ्यायचा यावर आपण सगळे डोकं खपवतो, काच मोठी की छोटी, ठिपका 3 एमओए की 6 एमओए (ठिपक्याचा आकार मोजायचं कोनाचं माप), बॅटरी वरून बदलता येते का साइट काढावी लागते, आणि एवढं सगळं झाल्यावर तो डॉट ज्या तीन-चार मिलिमीटरच्या तुकड्यावर बसणार ती प्लेट "हां, ती पण टाक बरोबर" म्हणून घेतली जाते. विकणाऱ्यांना हे बरोब्बर माहितीय आणि त्यांचा धंदा त्याच्यावरच चाललाय.

आधी माझी गरज काय होती ते सांगतो. पिस्तुलाच्या स्लाइडला (गोळी सुटली की मागेपुढे पळणारा वरचा भाग) कंपनीचाच ऑप्टिक्स कट (डॉट बसवायला कोरलेली जागा) आहे, डॉट आरएमआर फुटप्रिंटचा, म्हणजे ट्रिजिकॉनच्या आरएमआर साइटसारख्या बुडाचा, आणि माझ्या डिव्हिजनमध्ये (स्पर्धेतल्या गटात) डॉट स्लाइडवरच पाहिजे. फ्रेमला धरून वर उभा राहतो तो मोठा माउंट ओपन डिव्हिजनवाल्यांसाठी, तिथे स्लाइड खालून मागेपुढे पळते आणि डॉट जागचा हलत नाही, झकास प्रकार आहे, पण कॅरी ऑप्टिक्स किंवा प्रॉडक्शन ऑप्टिक्स डिव्हिजनला तो लावून गेलात तर तुम्हाला ओपनमध्ये टाकणार आणि मग कॉम्पेन्सेटरवाल्या (नळीला धक्का कमी करणारा भाग लावलेल्या) रेसगनसमोर आपण साधं पिस्तूल घेऊन उभे. आमच्यातल्या एकाला "सगळ्या मॅचला चालतो" असं छातीठोक सांगून फ्रेम माउंट विकला होता, तो वेगळाच किस्सा. मागच्या साइटच्या खाचेत सरकवायचे माउंट पण मिळतात, त्याला स्लाइड कापायला लागत नाही, पण डॉट उंच बसतो आणि सगळा भार त्या एका खाचेवर, म्हणून तो विषय मी आधीच सोडला. म्हणजे मला पाहिजे होती फक्त एक प्लेट, खालून माझ्या स्लाइडच्या कटात बसणारी आणि वरून आरएमआर घेणारी.

आता लिस्टिंगवर काय होतं बघा. "हार्डन्ड स्टील, सीएनसी मशीन्ड, युनिव्हर्सल, सगळे फुटप्रिंट चालतात, कॉम्पिटिशन ग्रेड". फोटो एकदम चकाचक, आणि सगळे वरून काढलेले. मी विचारलं की आरएमआरसाठी वरती लग (साइटच्या बुडातल्या खड्ड्यांत बसणारे उंचवटे) आहेत का, तर उत्तर आलं "येस सर, परफेक्ट फिट, चॅम्पियन शूटर वापरतात". खालच्या बाजूचा फोटो मागितला तर "सर सध्या माल पॅक झालाय, आल्यावर बघा, आवडला नाही तर रिटर्न आहेच". स्टीलच आहे ना, असं पण विचारलं, त्यावर "100% स्टील सर" हे लेखी उत्तर मिळालं, आणि पुढे सगळ्यात जास्त कामाला आलं ते हेच तीन शब्द.

हा "युनिव्हर्सल" शब्द दिसला की समजायचं कुठेतरी पाणी मुरतंय. फुटप्रिंट म्हणजे साइटच्या बुडाचा आकार, स्क्रूची भोकं कुठे आणि प्लेटवरचे उंचवटे बुडातल्या कुठल्या खड्ड्यात बसणार हे त्याच्यात ठरलेलं असतं. ट्रिजिकॉनच्या आरएमआर आणि एसआरओचा एक, होलोसन 507 सी पण त्याच्यावरच बसतो. डॉक्टर (Docter, हे कंपनीचं नाव) पॅटर्न वेगळा, व्हॉर्टेक्स व्हेनम आणि बरिस फास्टफायर त्यातले. लिओपोल्ड डेल्टापॉइंट प्रो वेगळा, शील्ड आरएमएससी वेगळा, आणि एमपॉइंट ॲक्रो तर स्वतःच आडव्या क्लॅम्पने धरतो. एकाच प्लेटवर या सगळ्यांची भोकं पाडता येतील एखादवेळ, पण सगळ्यांचे लग उभे करता येणार नाहीत कारण एकाचा लग दुसऱ्याच्या बुडाला आडवा येणार. मग हे लोक काय करतात, लग एकतर ठेवतच नाहीत नाहीतर इतके बारीक ठेवतात की ते कशालाच अडत नाहीत आणि कशाला धरतही नाहीत. आणि गंमत म्हणजे लग हाच प्लेटचा खरा जीव असतो. गोळी सुटल्यावर स्लाइड जोरात मागे जाते, धाडकन थांबते, परत पुढे येऊन आदळते, त्या प्रत्येक धक्क्याला साइट घसरू बघते, ते घसरणं लगने अडवायचं असतं आणि स्क्रूने फक्त साइट दाबून धरायची असते. लग नसले की सगळा मार स्क्रूवर.

पार्सल आलं, डबा मस्त, फोम काय, छोटी चावी काय, स्क्रूच्या चार पुड्या काय. लग होते, पण बारके. साइट ठेवून बोटाने हलवली तर किंचित खेळ जाणवत होता. विचारलं तर म्हणे "स्क्रू टाइट केल्यावर खेळ जातो सर". स्क्रू आणि भोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल काढलं, निळं लॉकटाइट (स्क्रू आपोआप सुटू नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावलं, टॉर्क ड्रायव्हरने साइटचे स्क्रू 12 इंच-पाउंडला आवळले, म्हणजे न्यूटन-मीटरमध्ये साधारण 1.4, आणि स्क्रूच्या डोक्यावरून साइटवर पेंट पेनने पांढरी रेघ ओढली, म्हणजे स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते. हे सगळं नीट केलेलं आहे म्हणून मुद्दाम सांगतोय, कारण पुढे विक्रेता नेमकं ह्याच्यावरच घसरला.

सुरुवातीला झीरो (ठिपका आणि गोळी एकाच जागी जुळणं) व्यवस्थित लागला. मग 25 मीटरवर ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) हळूहळू वर चढायला लागला, एक क्लिक खाली केलं की पुढच्या वेळेला अजून वर. आधी वाटलं काडतुसांचा लॉट बदललाय म्हणून, मग वाटलं डॉटच खराब. रेघा बघितल्या तर जशाच्या तशा, एक पण स्क्रू केसभरही फिरलेला नाही! इथे डोकं चक्रावतं माणसाचं. स्क्रू जागच्या जागी आणि डॉट चाललाय फिरायला.

साइट उघडली तेव्हा कळलं. पुढच्या दोन्ही लगच्या कडा चेपलेल्या, एका बाजूला चमकदार राखाडी धातू उघडा पडलेला, आणि स्क्रूची भोकं गोल राहिलेली नव्हती, लांबट झाली होती, मागच्या बाजूला धातू मऊ गुळासारखा सरकून भोकाच्या काठावर एक बारीक ओठ तयार झालेला. स्टील असं वागत नाही. चुंबक लावून बघितला, चिकटायचं नाव नाही. (आता कोणीतरी म्हणेल स्टेनलेसला पण चुंबक चिकटत नाही, तर बरोबर आहे, 304 सारख्या स्टेनलेसला फारसा चिकटत नाही, पण 17-4 ला चिकटतो, आणि "हार्डन्ड" म्हणून विकतात ते चुंबक धरणारंच असतं.)

तरी खात्री पाहिजे म्हणून पाण्यात वजन केलं. हे सगळ्यांनी शिकून ठेवा, लागतं फक्त ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा. प्लेट कोरडी 20.6 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करायचा आणि प्लेट बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी धरायची, काट्यावर जे ग्रॅम वाढतात तेवढे घन सेंटिमीटर तिचं आकारमान. माझे वाढले 3.1. भाग दिला, आलं 6.6 च्या जवळ. स्टील असतं तर 7.8 च्या आसपास यायला पाहिजे, ॲल्युमिनियम 2.7-2.8, आणि 6.6 म्हणजे साच्यात ओतलेला जस्ताचा मिश्रधातू, नळाच्या आणि दाराच्या स्वस्त मुठी बनतात तो. हा धातू सतत दाबाखाली ठेवला की साध्या तापमानाला पण हळूहळू सरकत राहतो, म्हणून स्क्रू न फिरताही पकड सैल होते आणि पांढरी रेघ तुम्हाला काहीच सांगत नाही.

आणि त्यातून होतं किती, तर साइटचं बूड साधारण 45 मिलिमीटर लांब, त्याचं एक टोक 0.05 मिलिमीटर जरी उचललं गेलं तर 25 मीटरवर गोळी जवळजवळ 2.8 सेंटिमीटर सरकते. अर्ध्या दशांश मिलिमीटरची गोष्ट आहे ही. स्टीलच्या पॉपरला (गोळी लागली की पडणारं टार्गेट) कळणार पण नाही, लांबच्या कागदी टार्गेटला नो-शूटच्या (ज्याला गोळी लागली की गुण कापतात) कडेची ए झोन (सगळ्यात जास्त गुणांचा मधला भाग) मारायची असेल तेव्हा कळतं.

स्क्रूच्या पुड्यांचं पण एक सांगतो, हे जास्त धोक्याचं आहे. आरएमआरला 6-32 चा इंची स्क्रू लागतो, या पुड्यांत इंची, मेट्रिक सगळी खिचडी आणि एकावर पण लेबल नाही. मेट्रिक स्क्रू इंची भोकात एक-दोन आटे जातो आणि मग अडतो, जोर लावला की आटे गेले, आणि ते आटे प्लेटमधले असतील तर प्लेट गेली, स्लाइडमधले असतील तर स्लाइड. दुसरं म्हणजे लांबी. काही पिस्तुलांत स्लाइडमधल्या उजव्या भोकाच्या खालीच एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा) प्लंजरची, म्हणजे त्याला दाबणाऱ्या दांडीची, पोकळी असते, प्लेटचा स्क्रू जरा लांब झाला की त्याचं टोक आत शिरून प्लंजरवर दाबतं आणि रिकामं काडतूस नीट बाहेर पडत नाही. माझ्याबरोबर नवीनच बसवणाऱ्या एकाला त्याच पुडीतल्या स्क्रूने हेच झालं, बिचारा मॅगझिन बदलत बसला होता. तपासायचं सोपं आहे, पिस्तूल रिकामं करून, चेंबर डोळ्याने आणि बोटाने बघून, प्लेटचे स्क्रू आवळायच्या आधी आणि नंतर एक्स्ट्रॅक्टर नखाने दाबून बघा, दोन्ही वेळेला सारखाच हलला पाहिजे.

आता विक्रेत्याचं नाटक. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तेच. पहिल्यांदा "सॉरी सर, फोटो पाठवा". फोटो दिले तर व्हिडिओ पाहिजे. व्हिडिओ दिला तर "टॉर्क जास्त दिला तुम्ही". टॉर्क ड्रायव्हरचा आकडा दाखवला तर "लॉकटाइटमुळे धातू खराब होतो". अहो लॉकटाइट धातूवरच लावायला बनवलंय! प्लॅस्टिकला म्हणाला असता तर एकवेळ ऐकून घेतलं असतं. प्रत्येक उत्तराला मुद्दाम वेळ लावायचा, आणि रिटर्नची मुदत संपल्या संपल्या त्याच माणसाची भाषा बदलली, "सर वस्तू वापरलेली आहे, सिस्टीम रिटर्न घेत नाही". इथे खरी गोम आहे. प्लेट बसवून गोळ्या मारल्याशिवाय दोष दिसत नाही, आणि गोळ्या मारल्या की ती वापरलेली. म्हणून चुंबक, वजन, पाणी, लगचा खेळ, स्क्रूची लांबी, हे सगळं पहिला स्क्रू लावायच्या आधी, कोऱ्या प्लेटवर, व्हिडिओ चालू ठेवून करा. त्याला "वापरली" म्हणायची संधीच द्यायची नाही.

शेवटी म्हणाला थोडे पैसे परत देतो पण रिव्ह्यू काढून पाच स्टार टाका. तो मेसेज जपून ठेवला. मग कार्डवाल्या बँकेकडे तक्रार टाकली आणि तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा, "खराब निघाली" असं लिहू नका, त्याच्यावर वापर कसा केला याचा वाद सुरू होतो. "वर्णनाप्रमाणे वस्तू नाही" असं लिहा. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट जिथे स्टील लिहिलंय, त्याचं "100% स्टील सर", चुंबकाचा व्हिडिओ आणि पाण्यातलं वजन, एवढंच जोडलं. टॉर्क, लॉकटाइट, ग्रुप कसा चढला, यातलं काही नाही. मी स्क्रू कितीही आवळले तरी स्टीलचं जस्त होत नाही, त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. प्लेटचे पैसे परत आले. प्रॅक्टिसची काडतुसं आणि त्या प्लेटवर हुकलेली मॅच, ते गेलंच.

आता वापरतोय ती प्लेट एकाच स्लाइडसाठी आणि एकाच फुटप्रिंटसाठी बनवलेली आहे, बनवणाऱ्याने खालच्या बाजूचा फोटो, धातूचा ग्रेड, वजन आणि स्क्रूची लांबी न मागता दिलेली. साइट ठेवताना लगवर जरा दाबून बसवावी लागली, बोटाने हलवली तर हलत नाही, स्क्रू अजून लावलेलेही नव्हते तेव्हाची गोष्ट आहे ही.

आणि तो विक्रेता गेलेला नाही. जुनं दुकान बंद झालं, तीच प्लेट आता दुसऱ्या नावाने आलीय, रंग काळ्याऐवजी करडा, वर्णनात "स्टील" काढून "एअरक्राफ्ट ग्रेड अलॉय" टाकलंय म्हणजे मेटलचं नावच घ्यायला नको. ओळखायची खूण सांगतो, पहिल्या फोटोत प्लेटच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर रंगाचा टवका उडालाय, आणि बाजूला स्क्रूच्या चार पुड्या ओळीने ठेवल्यात त्यातली तिसरी उलटी आहे. फोटो तेवढा त्यांनी बदललेला नाही.