अकराशे रुपयांचा गरीब कोंबडा

नागपुरात हुडकेश्वरच्या पुढे आमचं घर आहे, मागे मोकळी जागा. तिथे नऊ गावरान कोंबड्या. पोळ्याच्या आधी जुना कोंबडा मुंगसाने नेला. कोंबड्याशिवाय अंडी मिळतातच, पण त्यातून पिल्लं निघत नाहीत, आणि मला हिवाळ्यात दोन खुडूक कोंबड्या बसवायच्या होत्या. नऊ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. अटी माझ्या दोनच होत्या. तुरा मोठा, लाल आणि उभा हवा. आणि स्वभाव गरीब हवा, कारण अंडी गोळा करायचं काम माझ्या पाच वर्षांच्या लेकीकडे आहे.

तुऱ्याचा हट्ट शोभेसाठी नव्हता. कोंबडीला घाम येत नाही. तुरा आणि गळ्याखालची लोंबती लाल कातडी यांत रक्त खेळतं आणि तिथून अंगातली उष्णता बाहेर पडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ज्याचा तुरा मोठा तो जरा निभावून नेतो. शिवाय जंत झाले, उवा झाल्या, रक्त कमी झालं की फिकट पडतो तोही तुराच. एवढं सगळं मला माहीत होतं. अडचण ही की विकणाऱ्यालाही ते माहीत होतं.

ऑफिस सुटल्यावर उमरेड रोडकडच्या एका आठवडी बाजारात गेले. पोचेपर्यंत सहा वाजून गेले होते. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "दिवे लागल्यावर जनावर घेऊ नये गं." मी हसण्यावारी नेलं. त्या माणसाने कोंबडा दोन्ही पाय धरून उलटा लटकवला होता. "पाहा ताई, बकरीहून गरीब हाय जी. लेकरू बी उचलून घेते याले." बल्बखाली तुरा भिवापुरी मिरचीसारखा लाल, वर तेलकट चकाकी. वय विचारलं तर म्हणाला आठ महिने. "काटे पाहा ना, आता कुठं फुटून राह्यले." पाहिले, पायाचे काटे खरंच बुटके होते. पंधराशे सांगितले, अकराशेवर आला. खोक्यात घालून घेऊन आले आणि रात्रीच खुराड्यात सोडला. नवा पक्षी महिनाभर वेगळा ठेवायचा असतो, हेही माहीत होतं. पण खुराडं एकच, आणि मी दमलेली.

उलटा धरलेला कोंबडा गरीबच दिसतो. आतड्यांचा भार फुफ्फुसांवर येतो, डोक्यात रक्त उतरतं, तो धडपड सोडून देतो. त्यात अंधार पडला की कोंबडीची जात आपसूक गुमसुम होते. म्हणजे मी नेमक्या अशा वेळी स्वभाव पारखला, जेव्हा गावातला सगळ्यात खुनशी कोंबडाही संत दिसला असता.

सकाळी लेक ओरडत आली. "आई, याचा तुरा सुटतोय!" तिचा अंगठा आणि दोन बोटं लाल. ओल्या कापसाने तुरा पुसला तर कापूस कुंकवासारखा रंगला आणि खोबरेल तेलाचा वास आला. खाली फिकट गुलाबी कातडी, कडेला खपल्या काढल्याचे काळे डाग, मुळाशी पांढरी भुकटी. मग पाय उचलून काटे पाहिले. टोकं सपाट, कानशीने घासल्याच्या रेघा, आणि मधोमध वाळल्या रक्ताचा एकेक ठिपका.

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी तुऱ्याकडे पाहिलंच नाही, आधी काट्याचं बूड चिमटीत धरलं. काटा कापून आखूड करता येतो, बुडाची जाडी कमी करता येत नाही, म्हणाले. आठ महिन्यांच्या कोंबड्याला तिथे जेमतेम बोंड असतं. याचं बूड करंगळीएवढं होतं, पायाचे खवले खरखरीत, उचललेले. तीन वर्षं तरी. मग त्यांनी शेपटीखालची पिसं उलटी करून दाखवली: पिसांच्या मुळाशी उवांच्या अंड्यांचे पांढरे घोस. चारच दिवसांत ते माझ्या कोंबड्यांच्या अंगावरही सापडले. नऊच्या नऊ.

तिसऱ्या दिवशी खरा स्वभाव बाहेर आला. एक पंख जमिनीला घासत तो लेकीच्या भोवती तिरपा तिरपा फिरायला लागला. मला वाटलं कोंबड्यांपुढे मिरवतोय. पुढच्या क्षणी तो तिच्या नडगीवर होता. कापलेल्या काट्याचीही कड लागतेच. रक्त निघालं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं.

पुढच्या बाजारी तो माणूस त्याच जागी बसला होता. हातात दुसरा कोंबडा, तोही उलटा. मला ओळखलंच नाही त्याने. "म्या त आजच पयल्यांदा आलो ना ताई इथं." त्याच्या शेजारचा मला कडकनाथ गळ्यात मारायला बघत होता, तुरा चांगला लालभडक! झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून काळं पीस दिसलं की कडकनाथ झालाच म्हणून समजा. अस्सल कडकनाथच्या तुऱ्यातही काळसर जांभळी झाक असते. चोच उघडून जीभ पाहायची, तीही काळपट हवी. मी चोच उघडायला हात पुढे केला तर याने पिशवीच बंद केली.

दुसरा कोंबडा कुहीकडच्या एका खेड्यातून आणला, सकाळी सात वाजता, मालकिणीच्या अंगणातून. मूठभर ज्वारी फेकली. तो दाणा चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, कुक-कुक करून कोंबड्यांना बोलवायचा आणि त्या टिपेपर्यंत मान वर करून उभा राहायचा. मी मध्ये जाऊन बसले तरी अंगावर आला नाही, बाजूने निघून गेला. मग पर्समधून ओला रुमाल काढून तुरा पुसला. मालकीण हसायला लागली. "काऊन ताई, पावडर लावलं काय त्याले?" काट्यांची बुडं चाचपली, शेपटीखालची पिसं उलटून पाहिली, आठशे रुपये दिले. महिनाभर तो जुन्या कूलरच्या सांगाड्यात वेगळा राहिला.

पहिल्याचा एका रविवारी सावजी रस्सा झाला. कुकरच्या नऊ शिट्ट्या झाल्या तरी तंगडी दाताला दाद देईना. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त शिट्ट्या मोजत होत्या.

नवा कोंबडा लेकीच्या वाटेलाही जात नाही. पण अंडी आणायला निघाली की ती अजून स्टीलची ताटली नडग्यांपुढे धरूनच जाते.