प्रयोगशाळेतील मफल भट्टी: निस्तापनाला चोख, भाजण्याला अपुरी

विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठी आम्ही वापरत असलेली ही विद्युत मफल भट्टी, म्हणजे बंद कोठ्यात पदार्थ तापवणारी भट्टी, ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. आतला कोठा सिरॅमिक फायबरचा आहे, तापनतारा लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या आहेत आणि तापमान मोजण्यासाठी मागच्या भिंतीत के प्रकारचे थर्मोकपल बसवलेले आहे. धातुकापासून धातूचे ऑक्साइड मिळवणे एवढेच काम डोळ्यांसमोर ठेवून सांगायचे, तर कार्बोनेट धातुकांसाठी मी तिची निःसंकोच शिफारस करेन; सल्फाइड धातुकांसाठी मात्र ती आहे त्या स्थितीत घेऊ नये.

निस्तापनात धातुक हवेच्या मर्यादित पुरवठ्यात तापवायचे असते आणि बंद दाराच्या भट्टीत ते आपोआप साधते. कॅलामाइन, म्हणजे झिंक कार्बोनेट, ३०० अंशांच्या आसपास विघटित होऊ लागते; आम्ही ५०० अंश ठेवतो, त्यामुळे मुशीच्या तळाची पूडही कच्ची राहत नाही. शुद्ध झिंक कार्बोनेटचे वजन सुमारे ३५ टक्क्यांनी घटायला हवे आणि वजन स्थिर होईपर्यंत तापवल्यास प्रत्यक्ष घट त्याच्या अगदी जवळ येते. मूस बाहेर काढताच आतली पूड पिवळी दिसते आणि निवताना डोळ्यांदेखत पांढरी होत जाते. तापलेल्या झिंक ऑक्साइडचा तो स्वाभाविक रंग असल्याने अशुद्धी राहिली असे समजून नमुना टाकून देऊ नये. मॅलेकाइट या तांब्याच्या हिरव्या कार्बोनेट धातुकाचे काळे कॉपर ऑक्साइडही तितक्याच सहजपणे मिळते.

खरी अडचण झिंक ब्लेंडची, म्हणजे झिंक सल्फाइडच्या धातुकाची आहे. सल्फाइड धातुक भाजताना, म्हणजे भरपूर हवेत तापवताना, उष्णता हे अर्धेच काम असते. झिंक सल्फाइडच्या दर दोन रेणूंना ऑक्सिजनचे तीन रेणू मिळायला हवेत आणि तयार झालेला सल्फर डायऑक्साइड तिथून लगेच निघून जायला हवा. या भट्टीच्या छताला एक लहानसे छिद्र आहे, पण खालून ताजी हवा आत येण्याची वाटच नाही. परिणामी ९०० अंशांवर ठेवूनही वरचा थर तेवढा भाजला जातो. खालची पूड तपकिरीच राहते आणि तिच्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकताच सडक्या अंड्यांचा वास येतो, म्हणजे सल्फाइड शिल्लक आहे. तापमान कमी ठेवले तर काही भागाचे ऑक्साइडऐवजी झिंक सल्फेट बनते. भाजलेली पूड पाण्यात ढवळून गाळली आणि त्या पाण्यात बेरियम क्लोराइड घातले की पांढरा साका पडतो, तो या सल्फेटचा. सल्फेटमुळे वजन वाढत असल्याने केवळ वजनातील घट पाहून भाजणे पूर्ण झाले की नाही हे ठरवणे धोक्याचे आहे.

मोठ्या जस्त कारखान्यांत धातुकाची बारीक पूड खालून सोडलेल्या हवेच्या झोतावर तरंगती ठेवून भाजतात, अभिक्रियेतूनच बरीचशी उष्णता मिळवतात आणि निघणाऱ्या वायूपासून सल्फ्युरिक आम्ल तयार करतात. टेबलावरच्या भट्टीकडून एवढी अपेक्षा कोणी करणार नाही, पण माहितीपत्रकात ‘भाजण्यासाठी उपयुक्त’ असे छापताना उत्पादकाने हवा आत येण्याची आणि वायू बाहेर जाण्याची नळी द्यायलाच हवी होती. कोठ्यात कोंडलेला सल्फर डायऑक्साइड तापनतारा आणि थर्मोकपल यांनाही घातक असतो, शिवाय दार उघडताच तो माणसाच्या अंगावर येतो. म्हणून वायुशोषक कपाटाबाहेर (विषारी वायू ओढून बाहेर सोडणाऱ्या कपाटाबाहेर) या भट्टीत सल्फाइड धातुक अजिबात तापवू नये.

तापमान नियंत्रक चांगला आहे. दाराजवळचा भाग मागच्या भागापेक्षा थंड राहतो, तेव्हा मूस मध्यापासून मागेच ठेवावी. दार उघडताच वीजपुरवठा तोडणारा स्विच भरवशाचा आहे. सल्फाइड धातुकांवरच काम करायचे असेल, तर या भट्टीऐवजी नळीभट्टी घ्यावी, तिच्यात नियंत्रित वेगाने हवा सोडावी आणि बाहेर येणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून जाऊ द्यावा.