सेमोर डंकन नाझगूल पिकअप: ड्रॉप बी मध्ये आठ महिने वाजवल्यावर

माझी गिटार साधी सहा तारांची, साडेपंचवीस इंच स्केल, फिक्स ब्रिज, आणि गेली दोन वर्षं ती ड्रॉप बी (नेहमीपेक्षा बरंच खाली उतरवलेलं ट्यूनिंग) मधून हललेली नाही. म्हणजे जाड तारेपासून बी, एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प. गिटारीसोबत आलेले पिकअप (तारांचा कंप सिग्नलमध्ये बदलणारे चुंबक आणि कॉइल) स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये ठीक होते, पण बी ला उतरलो आणि सगळं गढूळ झालं. एकटा घरी वाजवताना ते मोठं, जड, भारी वाटायचं, आणि बँडसोबत जॅमरूममध्ये गेलो की तोच आवाज बासच्या खाली गाडला जायचा, कुठला पॉवर कॉर्ड वाजवतोय ते मलाच कळायचं नाही, बाकीच्यांना काय कळणार. म्हणून ब्रिजच्या बाजूला सेमोर डंकन कंपनीचा नाझगूल आणि नेकच्या बाजूला त्याच कंपनीचा सेंटियंट असा सेट घेतला. आठ महिने रोज वाजवलाय, दोन गिग झालेत, एक डेमो रेकॉर्ड झालाय, आता लिहितो.

आधी एक सांगतो, कारण मी स्वतः दीड वर्ष उलट्या दिशेने शोधत होतो. हेवी वाजवायचंय म्हणजे सगळ्यात जास्त आउटपुटवाला पिकअप घ्यायचा असं आपल्याकडे ज्याला विचाराल तो सांगतो. ह्याचं मूळ जुनं आहे. १९७२ मध्ये डीमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन आला तेव्हा ॲम्पमध्येच गेन कमी असायचा, पिकअपने जोरात ढकललं तरच ट्यूब तापून डिस्टॉर्शन मिळायचं. आज लॅपटॉपवरच्या ॲम्प सिममध्येसुद्धा गेन पाच-सहाच्या पुढे न्यायची गरज पडत नाही. म्हणजे ताकद ॲम्पमधून हवी तेवढी मिळते, पण पिकअपमधून सूर जर गढूळ निघाला तर तो पुढे कुठलाच पेडल आणि कुठलाच ईक्यू साफ करत नाही, हे मी पुष्कळ प्रयत्न करून बघितलंय.

आणि खालच्या ट्यूनिंगला हा त्रास वाढतो त्याचं कारण साधं आहे. खालचा ई ८२ हर्ट्झच्या आसपास वाजतो, खालचा बी जेमतेम ६२ ला. एवढा खालचा आवाज डिस्टॉर्शनमध्ये जोरात शिरला की तो सगळी जागा खातो आणि वरचे हार्मोनिक्स, ज्यांच्यावरून कान सूर ओळखतो, ते चेपले जातात. इतके लोक ट्यूब स्क्रीमर ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल फुल ठेवून ॲम्पच्या आधी लावतात ते त्यासाठीच, तो पेडल बास कापतो आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचे मिड्स पुढे काढतो. लो ट्यूनिंगचा पिकअप निवडताना पण हेच बघायचं, बास आवरता आहे का आणि मिड्स उभे राहतात का. बास द्यायला बासवाला आहे.

नाझगूल हे काम करतो, आणि फार चांगलं करतो. मोठा सिरॅमिक मॅग्नेट आहे, ॲटॅक टणक आहे, पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून) केलं की धप्प करून लागतं आणि तिथेच थांबतं, मागे गुरगुर राहत नाही. आमच्या एका गाण्यात उघडी बी तार सोळाव्यांमध्ये म्यूट करत जायचं आणि मधेच पहिल्या फ्रेटवर फुल कॉर्ड सोडायचा अशी रिफ आहे. जुन्या पिकअपवर म्यूट आणि कॉर्ड ह्यातला फरक फक्त आवाज लहान-मोठा एवढाच होता, आता दोन्ही वेगवेगळ्या वस्तू वाटतात. वायरिंग नीट झाल्यानंतरच्या (ती भानगड पुढे सांगतो) पहिल्याच प्रॅक्टिसला आमचा ड्रमर मधेच थांबून म्हणाला, "थांब थांब, तू आत्तापर्यंत हेच वाजवत होतास का रे? मी डबल बास ड्रम चुकीच्या जागी मारत होतो." मला ह्याच्याहून मोठी पावती नको.

आता ओहमचं बघा. दुकानात, ग्रुपवर, सगळीकडे डीसी रेझिस्टन्सचा आकडा बघून पिकअप किती हॉट, म्हणजे किती जोरदार, ते ठरवतात. नाझगूलचा आकडा आहे साडेतेरा किलोओहमच्या आसपास. ह्याच कंपनीचा जेबी सोळाच्या वर आहे, म्हणजे आकड्यावर गेलात तर जेबी जास्त हेवी वाटणार. पण जेबीमध्ये ॲल्निको ५ मॅग्नेट आहे, नाझगूलमध्ये सिरॅमिक, आणि बी ट्यूनिंगमध्ये वाजवून बघितलंत तर नाझगूल सरळ सरळ जास्त आक्रमक आणि जास्त घट्ट आहे. आकडा फक्त वायर किती लांब आणि किती बारीक ते सांगतो, मॅग्नेट कुठला आहे ते सांगत नाही. जेबी वाईट नाही हो, ई किंवा डी ला मला तो अजून आवडतो, लीडला तर खूपच गातो, पण बी ला त्याचा लो एंड मला सैल वाटला.

एक गोष्ट मात्र सविस्तर लिहितो, कारण ती माहीत नसल्यामुळे माझे पहिले तीन आठवडे वाया गेले. पिकअप मी एका दुकानात बसवून घेतले, दुकानाचं नाव नको. घरी आणून वाजवलं तर आवाज बारीक, पोकळ, आणि वर घूं असा हम. मला वाटलं हाच ह्या पिकअपचा आवाज, पैसे गेले. मग एका मित्राच्या सांगण्यावरून मल्टिमीटर काढला, गिटारीत केबल लावली, व्हॉल्यूम फुल केला आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला टिप आणि स्लीव्हवर मोजलं. साडेतेराच्या जवळ काहीतरी यायला हवं तिथे पावणेसात. बरोब्बर निम्मं! मागचं झाकण उघडलं तर लाल वायर व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबखालच्या भागावर), काळी आणि पांढरी एकत्र पिळून टेप लावलेली. हा डीमार्झिओचा कलर कोड आहे. सेमोर डंकनमध्ये काळी हॉट, म्हणजे सिग्नलची, असते, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायची, आणि हिरवी नि उघडी वायर ग्राउंडला. चुकीच्या कोडने जोडल्यामुळे एक कॉइल स्वतःशीच शॉर्ट होऊन गप्प बसली होती आणि मी तीन आठवडे अर्धा हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) वाजवत होतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सोल्डर वायर, फ्लक्स आणि दोन नवे ५०० के (किलोओहम) चे पॉट आणले, एका संध्याकाळी नीट जोडलं, मल्टिमीटरवर तेरा पॉइंट दोन दिसलं (पॉट समांतर असतो म्हणून किंचित कमी दिसतं, घाबरू नका) आणि तो हम गेला. दुसऱ्याकडून बसवून घ्या की स्वतः बसवा, पण गिटार ताब्यात घेताना हे एक मोजमाप कराच, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं म्हणजे उंची. जास्त आवाज हवा म्हणून पिकअप तारांच्या अगदी जवळ नेऊ नका. लो ट्यूनिंगला जाड तार मोठा झोका घेते, जवळ असेल तर ॲटॅक चिरडला जातो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजलं तर माझ्याकडे जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोन आहे. सुरुवातीला दीड ठेवलं होतं आणि तेव्हा हाच पिकअप मला जरा कर्कश वाटत होता. स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवा, वाजवा, परत फिरवा.

आणि तारा! पिकअपवर खर्च करायच्या आधी तारा बघा ही कळकळीची विनंती. १०-४६ च्या सेटवर (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) ई वरून बी ला उतरलात तर त्या तारेचा ताण जवळपास निम्म्यावर येतो, ५६ टक्के उरतो. लोंबणाऱ्या तारेवर जगातला कुठलाही पिकअप ठेवा, सूर डगमगणारच. मी १२-६० वापरतो, त्यासाठी नटच्या (नेकच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा फाइल करून घ्याव्या लागल्या कारण ६० ची तार ४६ च्या खाचेत बसतच नाही, वरच राहते आणि ट्यूनिंग सरकतं, आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) पण नव्याने करावं लागलं. हे सगळं केल्यावर जुन्या पिकअपचा आवाजसुद्धा बऱ्यापैकी सुधारला होता. तरी गढूळपणा राहिला, म्हणून मग पिकअप.

बाकीचे दोन मी मित्रांच्या गिटारींवर तासनतास वाजवलेत, त्यांच्याबद्दल थोडं. ईएमजी ८१ चं नाव मेटलमध्ये कुणाला सांगायला नको, ॲक्टिव्ह, म्हणजे नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, आणि शांत तर इतका की पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी बसून वाजवा, काही फरक पडत नाही. जलद रिफला प्रत्येक ठोका एकसारखा येतो. मला तो सी पर्यंत फार आवडला, बी ला थोडा कोरडा वाटला, हात हलका लावा की जोरात, उत्तर एकच. काहींना तेच हवं असतं. केबल मात्र काढून ठेवायची सवय लावा, लावलेली राहिली की बॅटरी चालूच राहते. फिशमन फ्लुएन्स मॉडर्न हा ह्या तिघांत सगळ्यात स्वच्छ, त्यात नेहमीसारखी वायर गुंडाळलेली नसते, छापील सर्किटचे थर एकावर एक असतात, आणि पुश-पुल पॉटने दोन वेगळे आवाज मिळतात. ए किंवा त्याच्या खाली जाणार असाल, सात-आठ तारांवर असाल, तर मी तरी आधी तोच ऐकेन. पण बॅटरी ईएमजीपेक्षा लवकर संपते, आणि पॅसिव्ह (बिनबॅटरीच्या) गिटारीत ह्या दोघांपैकी कुठलाही टाकायचा तर पॉट पण २५ के चे लावावे लागतात, ५०० के चे चालत नाहीत. बॅटरीला जागा हवी ते वेगळंच. माझ्या गिटारीची कंट्रोल कॅव्हिटी लहान आहे, लाकूड कोरायचं नव्हतं, म्हणून मी पॅसिव्हवर थांबलो.

नाझगूलमध्ये न आवडलेलं पण आहे. ब्रिजवर क्लीन आवाज ऐकवत नाही, ताठ आणि पातळ लागतो. लीड वाजवताना बारीक तारांवर वरचा आवाज टोचतो, मी टोन सातवर आणतो तेव्हा कुठे गोड होतो. तुमचं निम्मं काम ब्लूज, निम्मं मेटल असेल तर हा घेऊ नका, पेगॅसस बघा, तो ॲल्निको ५ वाला आहे आणि हाताला जास्त ऐकतो. क्लीनची बाजू माझ्याकडे सेंटियंट सांभाळतो. नेकवर उघड्या बी चा आर्पेजिओ थोड्या रिव्हर्बमध्ये सोडला की सहाच्या सहा तारा वेगवेगळ्या मोजता येतात, रात्री उशिरा हेडफोन लावून मी कितीतरी वेळ तेवढंच वाजवत बसतो.

किमतीचं म्हणाल तर बाहेरून मागवताना कस्टम ड्युटी धरून हिशोब करा, आणि सेट महाग वाटत असेल तर आधी एकटा ब्रिजचा घ्या, नेकचा नंतर कधीही टाकता येतो. सी किंवा बी ला, सहा तारांवर, बँडसोबत रिदम वाजवत असाल आणि बॅटरी नको असेल तर माझ्याकडून नाझगूलला पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो ब्रिजच्या क्लीनचा.