फ्लॅट लेकीला द्यायचा: मृत्युपत्र की बक्षीसपत्र?

मावशीचा हाच घोळ चाललाय. मृत्युपत्राने घर मरणानंतर जातं, बक्षीसपत्राने (गिफ्ट डीड) हयातीतच.

खर्चात मृत्युपत्र स्वस्त. स्टॅम्प ड्युटी नाही, नोंदणी ऐच्छिक, दोन साक्षीदार मात्र हवेत. बक्षीसपत्राची नोंदणी सक्तीची. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना देताना स्टॅम्प 200 रुपये, वर काही शहरांत अधिभार.

खरी गोम मन बदललं तर. मृत्युपत्र शुद्धीत असेपर्यंत कितीदाही बदला. बक्षीसपत्र नोंदलं की घर गेलं. सांभाळण्याची अट त्यात असेल आणि ती मोडली, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दाद मागता येते. अट लिहायला लाजू नका.

आजारपणात आपल्या वतीने कुणी व्यवहार बघायला दोन्ही कुचकामी. त्यासाठी असतं ते साधं कुलमुखत्यारपत्रही (पॉवर ऑफ अटर्नी) मती गेल्यावर संपतं.

दुसरं छप्पर असेल आणि भावंडांच्या भांडणाची धास्ती असेल, तर बक्षीसपत्र. मावशीचं घर एकच, तिने मृत्युपत्रच करावं.