शॅमेलिऑनच्या वजनासाठी ०.१ ग्रॅमचा काटा: आठ महिने वापरल्यावर

आमची चिंगी व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याची मूळ येमेन-सौदीकडची जात. इथे ह्यूस्टनला ब्रीडरकडून आणली तेव्हा तीन महिन्यांची होती. (भारतातला शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तो कृपा करून पकडून पाळू नका.)

आधी पिठाचा काटा वापरला. तो एकेका ग्रॅमनेच मोजतो. चिंगी २१ ग्रॅमची, म्हणजे एका ग्रॅमची चूक जवळजवळ पाच टक्के! वाढली की घटली काही कळेना. म्हणून ०.१ ग्रॅमचा, ५०० ग्रॅमपर्यंतचा काटा घेतला.

काट्याच्या काचेवर तिचे पाय घसरायचे, ती भेदरून काळपट पडायची. मग फळीत एक फांदी उभी ठोकली, ती काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा आणि टोकाला जास्वंदीचं फूल धरायचं. फुलासाठी ती आपणहून फांदीवर येते, डुलत डुलत, एकेक पाय चाचपत. त्या डुलण्याने आकडा अर्धा ग्रॅम इकडेतिकडे होतो, म्हणून तीनदा बघून मधला लिहिते. खटकलेली गोष्ट एकच, पण मोठी: काटा दोन मिनिटांत बंद पडतो. ती फांदीवर चढेपर्यंत शून्य गेलेलं असतं, पुन्हा पहिल्यापासून.

दर रविवारी सकाळी, खाण्यापाण्याच्या आधी. वेळ बदलली तर आकड्याला अर्थ नाही, नुसती शी केली तरी फरक पडतो. लांबी मात्र पट्टीने मोजत नाही, ओढाताण होते. जाळीवर चढलेली असताना फोटो काढून चौकोन मोजते.

सुरुवातीला वजन वाढलं की मला आनंद व्हायचा आणि मी आणखी झुरळं द्यायचे. ते चुकलंच. या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते, आणि जास्त खाऊ घातलं तर अंडीही जास्त होतात, तिच्या जिवावर बेततं. सहाव्या महिन्यात खाणं कमी करूनही तीन आठवड्यांत ८४ चे १०६ ग्रॅम झाले. वहीत ते आकडे एकाखाली एक दिसले म्हणूनच अंडी घालायला ओल्या वाळूची कुंडी वेळेत ठेवता आली. दोन दिवस उकरत होती. २८ अंडी. त्यानंतर काट्यावर ७२.

आता कॅल्शियम लावलेले किडे, एक दिवसाआड. गेल्या रविवारी ८१.४.