पापाआधी सृष्टी शिकवणारा अभ्यासवर्ग

रविवारच्या शाळेत दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवते, म्हणून ख्रिस्ती सिद्धांतांवरचा हा ऑनलाइन वर्ग घेतला. ‘पाप म्हणजे काय’ या प्रश्नाला तो लगेच हात घालत नाही, आणि मला तेच सर्वांत पटलं. सुरुवातीचे धडे उत्पत्ती या बायबलमधल्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात रेंगाळतात. तिथे ‘चांगले’ हा शब्द सात वेळा येतो, शेवटी तर ‘फार चांगले’. पाप येतं तिसऱ्या अध्यायात. हा क्रम सुटला की मुलांना शरीर, भूक, माती सगळंच संशयास्पद वाटू लागतं. जड जग हे कुणा हलक्या शक्तीचं काम आहे असं म्हणणाऱ्या नॉस्टिक पंथीयांशी दुसऱ्या शतकात इरेनियस हा बिशप का भांडला, ते इथे नीट कळतं.

ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती विचारवंतावरचे धडे तर पुन्हा ऐकावेत असे. तरुणपणी सुमारे नऊ वर्षं तो मानी पंथात होता. तिथे अंधार ही प्रकाशासारखीच स्वतंत्र सत्ता. ते सोडल्यावर तो म्हणू लागला, दुष्टपणा ही वेगळी वस्तूच नाही, चांगल्यात पडलेली उणीव आहे. सोळाव्या वर्षी त्याने मित्रांबरोबर पेअरची फळं चोरली, तीही भूक नसताना. वर्गाच्या शिक्षिका इथे थांबून विचारतात, यात वाईट काय होतं, फळ की झाड? दोन्ही चांगलीच होती, ओढ वाकडी झाली होती. मुलांना हे चटकन कळतं.

माणूस स्वतःच्या बळावर देवाची आज्ञा पाळू शकतो असं म्हणणाऱ्या पेलागियसला मात्र न्याय मिळालेला नाही. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने त्याची मतं धिक्कारली, एवढं सांगून विषय मिटवलाय. पण देवाने आज्ञा दिली, तर ती पाळायचं बळही दिलं असेल ना, हा त्याचा प्रश्न माझ्या वर्गातली मुलं हमखास विचारतात! पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्या आदाम या पहिल्या माणसाचा दोष नव्हे, त्याची मर्त्यता आपल्याला वारशाने आली असं मानतात, हे निदान थोडक्यात आलंय.

शेवटचा धडा सृष्टीवर. पर्यावरणाच्या संकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, हा इतिहासकार लिन व्हाइटचा 1967 मधला आरोप शिक्षिका टाळत नाहीत. देवाने माणसाला दिलेल्या ‘सत्ता चालवा’ या आज्ञेशेजारी त्या एदेन बागेची मशागत आणि राखण करण्याचं काम ठेवतात, मग बायबलमधल्या रोमकरांस पत्रातली कण्हणारी सृष्टी. ‘जग नाहीसं होणारच, झाडं कशाला लावायची?’ असं व्यासपीठावरून ऐकलेल्या प्रत्येकाने हा धडा ऐकावा. त्याला आणखी वेळ द्यायला हवा होता. सोबतची प्रश्नपत्रिका पाठांतरापुरतीच आहे, शिकवणाऱ्यांनी आपले प्रश्न आपणच काढावेत.